शके, तुझी रायफल पास झाली

शके, चौकात तुझा फ्लेक्स लागलाय. तू असतीस तर शिडी मागवून, पदर खोचून, स्वतःच्या हातानं फाडला असतास. फोटोत तुझ्या हातात रायफल आहे. तुझी नव्हे, कुठून तरी उचललेली, आणि तिला तुझे हात चिकटवलेत. नळी रस्त्यानं जाणाऱ्या माणसांच्या तोंडावर आणि बोट थेट चापावर! विनाकारण चापावर बोट ठेवलं म्हणून तू एका फौजदाराच्या लेकाला नेमबाजीच्या रेंजबाहेर काढलं होतंस. बाप भांडायला आला तर त्यालाही काढलंस. त्या बाईचं बोट मेल्यावर ह्यांनी चापावर नेऊन ठेवलं. शेजारी, तुझ्याहून मोठ्या आकारात, भाऊसाहेब. हात जोडलेले, चेहरा रडवेला. मी रिक्षातून उतरले, वर बघितलं आणि तिथंच टपरीच्या बाकावर बसकण मारली. खोटं नाही सांगत. तिथल्या टपरीवाल्यानं पाणी दिलं तेव्हा बरं वाटलं.

तुला जाऊन अजून महिना झाला नाही आणि मी इथं गारखेड्यात गॅलरीत बसून तुझ्याशी भांडतीय. रडून झालं माझं. तुझ्या घरी बुद्धवंदना झाली तेव्हा पोटभर रडले. मेणबत्त्या, पांढऱ्या साड्यांतल्या तुझ्या बहिणी, सगळ्यांचा मिळून एक सूर. तिथं कुणी भाषण ठोकलं नाही, कुणी तुला देवी केलं नाही. किळस आली ती पुढं, क्रीडा समितीच्या शोकसभेत. ते सांगतेच. पण आधी मला एकदा सगळं ओळीनं आणि तोंडभरून बोलायचंय. इतकी वर्षं मी तोंड उघडलं की तू "जाऊ दे विजे" म्हणायचीस. आता म्हण बघू.

आपण दोघी एकाच शाळेत पी.टी.च्या बाई. शाळेच्या मागं पत्र्याचं शेड होतं, त्यात मोडके बाक आणि उंदीर. तू ते रिकामं करून घेतलंस, दहा मीटर अंतर मोजलंस, समोरच्या भिंतीवर टार्गेटचे कागद लावलेस आणि म्हणालीस, "इथं पोरी नेमबाजी शिकत्याल." मी खो खो हसले होते. कबड्डीला पोरी मिळेनात आणि हिला नेमबाजी पाहिजे! पण तू चितेगावची, एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. कॉलेजात एनसीसीत रायफल हातात आली ती सुटलीच नाही, असं तुझी आई सांगायची. पोरी आल्या. घरच्यांशी भांडून, ओढणी कमरेला गाठ मारून आल्या.

शेडच्या एका टोकाला तू जमिनीत सिमेंटचा ठोकळा गाडून घेतला होतास आणि त्यावर लोखंडी शिकंजा बसवला होतास. कोणतीही एअर रायफल आली, नवी असो जुनी असो, की आधी त्या शिकंज्यात. छर्ऱ्यांचा नवा डबा उघडला तरी पुन्हा शिकंज्यात. पहिले दोन छर्रे वाया घालवायचे, "नळीला जाग येऊ दे" म्हणून. मग कागदावर पाच. शिकंज्यात माणसाचा हात नसतो, श्वास नसतो, त्यामुळं पाचही छर्रे एकाच भोकात गेले पाहिजेत, आणि ते भोक तुझ्या करंगळीच्या नखाखाली झाकलं पाहिजे. झाकलं तर रायफल पास. मगच ती पोरीच्या हातात.

"रायफलीची परीक्षा आधी, पोरीची नंतर." हे तुझं वेदवाक्य. वेदवाक्य म्हटलं की चिडायचीस. "वेदबिद तुझ्याकडं ठेव, माझं साधं वाक्य हाय." आणि त्याचा अर्थ मला एकदाच समजावून सांगितलास: बंदुकीच्या दोषाचा बोल पोरीला लागू नये. घरी, दारी, शाळेत सगळे बोल तिलाच लागतात. निदान इथं तरी आधी बंदुकीची झडती होऊ दे. शके, मी इतक्या शाळा आणि इतके साहेब पाहिले, पण दोष आधी वस्तूत शोधायचा आणि मग पोरीत, असं म्हणणारी तू एकटीच भेटलीस.

मग ती दुष्काळाची वर्षं आली. नळाला आठवड्यानं पाणी, तेही कधी मध्यरात्री, टँकरपुढं बायकांच्या झिंज्या ओढणं, लग्नाच्या पंगतीत अर्धा अर्धा ग्लास. आणि त्याच वर्षांत हे शहर भाकरीच्या पिठागत फुगत होतं. जिकडं बघावं तिकडं खांब, सळया, आणि बोअरची गाडी घरघरतीय. गारखेड्यातले जुने बोअर आटले, नवे अजून खोल. शेडमधली काळी माती फाटली. हात जाईल अशी भेग ठोकळ्याला वेढा घालून बसली.

तू काय करायचीस? रोज संध्याकाळी तुझ्या पिण्याच्या पाण्यातला तांब्याभर त्या भेगेत ओतायचीस, माती फुगून ठोकळा घट्ट धरावा म्हणून. शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळे हसायचे. मी तर भडकले होते.

"अगं माणसांना प्यायला थेंब नाही आणि तू जमिनीला पाजतीस?"

"तहानलेली माती लई हलकट असती विजे. धरलेलं सोडती."

"तुझ्या घशाला कोरड पडली तर?"

"तू हायस की. तुझ्या घरी येऊन पीन."

आणि यायचीस. माझ्या सासूबाईंच्या सोवळ्याच्या हंड्यातलं पाणी मी तुला दिलं तेव्हा म्हातारीचा चेहरा काय झाला होता! तू घटाघटा प्यालीस आणि "काकू, पाणी गोड हाय" म्हणालीस. म्हातारीला हसू आवरलं नाही. पुढं ती तुझी वाट बघायची.

शाळेच्या भिंतीला लागून भाऊसाहेबांची साईट होती. भाऊसाहेब म्हणजे बिल्डर, आणि वर क्रीडा समितीचे अध्यक्ष. ह्या माणसानं आयुष्यात फेकून मारला असेल तर पानाचा चोथा, पण अध्यक्ष. शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेवर त्यांचा डोळा होता हे आंधळ्यालाही दिसत होतं. त्यांची पुतणीही नेमबाजी करायची. पोर वाईट नव्हती, पण संगीताच्या पासंगाला पुरत नव्हती.

संगीता शेंद्र्याची. जमीन एमआयडीसीत गेली आणि बाप त्याच जमिनीवरच्या कंपनीत माल उचलायला लागला, अशा घरातली. डावखुरी. तिच्यासाठी तू तुझ्या स्वतःच्या जुन्या रायफलीचा दस्ता सुताराकडून बदलून घेतलास, डाव्या गालाला टेकेल अशी बाभळीची फळी बसवलीस. ती पोर गाल टेकवून उभी राहिली की शेडमध्ये आवाज थांबायचा. स्पर्धेसाठी समितीचा संघ ठरायचा होता तेव्हा गुणांत सगळ्यांत वर तिचं नाव होतं, आणि पुतणीचं नाव थोडक्यात बाहेर राहत होतं.

एके दिवशी भाऊसाहेब समितीची माणसं घेऊन आले. म्हणाले, संघ पक्का करण्याआधी सगळ्यांच्या रायफली तपासू. आणि तू खूश झालीस! वेडे, तुला वाटलं, तुझी पद्धत ह्यांना पटली. शेड झाडून घेतलंस, शिकंज्याला तेल दिलंस. मी म्हटलं, "शके, ह्या माणसाच्या पोटात काय आहे ते ओठांवर येत नाही." तू म्हणालीस, "शिकंज्याला पोट बी नसतं आन ओठ बी नसतात." त्या आठवड्यात टँकर फिरकलाच नव्हता. तुझ्याकडं घशापुरतंच पाणी. भेग कोरडी होती.

सकाळी लवकर पुतणीची नवी परदेशी रायफल शिकंज्यात लावली. पाच छर्रे, एक भोक. टाळ्या. मग चहा झाला. तूच केलास, आलं घालून. चहा संपतोय तोवर भिंतीपलीकडं बोअरची गाडी सुरू झाली. दातांत जाणवावी अशी घरघर. पत्रे थरथरायला लागले. आणि मग भाऊसाहेब म्हणाले, हां मॅडम, आता तुमची लावा.

पाच छर्रे पाच ठिकाणी. एकाखाली एक, दोन बोटं लांब.

तू कागदाकडं बघितलंही नाहीस. खाली वाकून ठोकळ्यावर तळहात ठेवलास आणि म्हणालीस, "ठोकळा हलतोय. गाडी घटकाभर बंद करा भाऊसाहेब, परत घेऊ." गाडी त्यांचीच, साईट त्यांचीच. नुसता हात वर केला असता तरी बंद झाली असती. पण ते हसले. "मॅडम, नाचता येईना अंगण वाकडं!" आणि शेडभर सगळे खिदळले. हसणाऱ्यांत आपले हेडमास्तरही होते. त्यांचे दात अजून माझ्या डोळ्यासमोर आहेत.

तेवढ्यावर थांबले असते तरी मी विसरले असते. पण भाऊसाहेबांनी कागद उंच धरला. "शिकंज्यात जी बंदूक दोन बोटं फेकते, तिच्यानं ही पोरगी असले गुण मारते? दुनिया को उल्लू समझा क्या? हे गुण घरी बसून भरलेत." आणि मग शेजारच्याला, हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपतच हळू: "ह्यांना वाढीव गुणांची सवयच असती."

ह्यांना म्हणजे कुणाला, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं. तुला कळलं, संगीताला कळलं. माझ्या घरात पिढ्यान् पिढ्या कारकुनी आणि पूजाअर्चा, मला असलं वाक्य जन्मात कुणी ऐकवलं नाही, तरी माझ्या अंगाची लाही झाली. मी ओरडले, "जीभ सांभाळा! खेटर काढीन पायातलं!" आणि तू माझं मनगट धरलंस. घट्ट. मग त्यांनी पुतणीची उजव्या हाताची रायफल संगीताच्या हातात दिली. "मार बरं आता. दाखव." डावखुऱ्या पोरीला! ती परक्या बंदुकीला गाल कुठं टेकवावा ते शोधत राहिली. जे व्हायचं तेच झालं. तिचं नाव कापलं, पुतणीचं लागलं.

आणि शके, सगळं संपल्यावर तू त्या माणसाला विचारलंस, "चहा घेणार का अजून?"

ह्याच्यावरून आपण जन्मभर भांडलो. अजून भांडतीय मी. त्या घोटभर चहाची मला आज इतक्या वर्षांनीही शिसारी येते. तुला खोटारडी म्हणणाऱ्याला तू आलं घातलेला चहा विचारतेस? तुझ्या रक्तात राग नावाचा पदार्थ होता की नाही? तू म्हणायचीस, "वरडून नेम लागत नाय विजे." अगं, नेम गेला चुलीत! एकदा तरी ओरडायचं होतंस. तुझ्यासाठी नाही, त्या पोरीसाठी.

ती पोर त्या दिवशी गेली ती परत आलीच नाही. तू शेंद्र्याला दोनदा जाऊन आलीस, ती घरात असून भेटली नाही. "पोर रागावली माझ्यावर," म्हणायचीस. पुढं शेडला कुलूप लागलं. पुढं शाळेनं ती जागा विकली. रायफल तेवढी तू घरी आणलीस, जुन्या सुती साडीत गुंडाळून.

मी म्हटलं, चल पुण्याला. तिथं मोठ्या रेंज आहेत, शिकंजे आहेत, खाली पक्की जमीन आहे. परीक्षा करू, कागद आणू आणि ह्यांच्या थोबाडावर मारू.

"म्हणत्याल, पेन्सिलीनं भोक पाडून आणलं."

"मग?"

"ज्यानं बाद केली, त्याच्याच डोळ्यापुढं पास व्हाया पाहिजे. नायतर कुणालाच नको."

आणि तू थांबलीस. नोकरी संपली, केस पांढरे झाले, गावाचं नाव बदललं, तू थांबूनच. समितीचा कुठलाही कार्यक्रम असला की जायचीस, आणि भाऊसाहेबांपुढं उभी राहून एकच वाक्य: "भाऊसाहेब, रायफलीची परीक्षा राहिलीय." ते म्हणायचे, "करू ना मॅडम, करू." पुढं पुढं तर तू दिसलीस की तेच आधी म्हणायचे, "काय मॅडम, परीक्षा राहिली ना?" आणि भोवतालचे हसायचे. मी तुझ्या शेजारी उभी असायचे आणि मला वाटायचं, ह्या माणसाच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर पचकन थुंकावं.

एक गोष्ट मी तुला कधी विचारली नाही. आता विचारते. तू पुण्याला खरंच त्या कारणासाठी आली नाहीस, की तुला भीती होती? तिथं पक्क्या जमिनीवरही पाच छर्रे पाच ठिकाणी गेले असते तर? रात्री गुंडाळलेली साडी काढून ती रायफल पुसत बसायचीस तेव्हा तुझ्या तोंडाकडं बघून मला कधी कधी तसं वाटायचं. विचारलं असतं तर तू "येडी हायस का" म्हणाली असतीस, आणि मला ते खरं वाटलं असतं की नाही, कुणास ठाऊक. म्हणून नाही विचारलं.

शेडच्या जागी आता काय आहे माहिती आहे तुला, रोज त्याच रस्त्यानं जायचीस. मोठ्ठं गेट, बारा मजले, आणि नेमकं तुझ्या ठोकळ्याच्या जागी पोहण्याचा तलाव. निळ्या फरश्यांचा. बाहेर अजून आठवड्यानं पाणी, बायका अजून ड्रम धुतायत, आणि आत तलाव भरलेला. तू तांब्याभर ओतायचीस तर लोकांना केवढा खर्च वाटायचा! तलावालाही भेग गेलीय म्हणे. दर उन्हाळ्यात डागडुजी. काळी माती कुणाच्या बापाला सोडत नाही. हे ऐकून मी एकटीच स्वयंपाकघरात हसत बसले होते.

नुसतं भांडणच आठवतं असं नाही गं. आमचे हे गेले तेव्हा तू आलीस. भेटायला आलेल्या बायका "देवाची इच्छा" म्हणत होत्या आणि मला त्यांच्या अंगावर भांडी फेकावीशी वाटत होती. तू मला मागच्या खोलीत नेलंस, बरोबर आणलेल्या रायफलीची साडी सोडलीस, ती माझ्या खांद्याला लावलीस आणि म्हणालीस, "श्वास अर्धा सोड. बाकीचा धरून ठिव." भिंतीवरच्या खिळ्यावर नेम धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. तेरा दिवस मी तशीच अर्ध्या श्वासावर काढले. ते ऋण मी फेडणार नव्हतेच, फेडायचं नव्हतंच मला. आपल्या माणसाचं थोडं अंगावर राहू द्यावं.

तर शोकसभा. हॉलमध्ये थंडगार एसी, पहिल्या रांगेत सोफे, टेबलावर तुझा फोटो, तोच, चापावर बोट. भाऊसाहेब बोलायला उठले. "शकुंतलाताई म्हणजे प्रामाणिकपणाचा आदर्श." शके, प्रामाणिकपणा! त्याच तोंडानं! मी खुर्चीचा हात इतका आवळला की शेजारची बाई "बरं वाटत नाही का" म्हणाली. पुढं म्हणाले, बायपासच्या पलीकडं समितीची जी नवी रेंज झालीय, तिथं ताईंची ऐतिहासिक रायफल काचेच्या कपाटात ठेवू. ती सध्या विजयाताईंकडं आहे, त्यांनी ती समितीला द्यावी, अशी विनंती. टाळ्या.

मी उभी राहिले. म्हटलं, "देईन. पण शकूचा एक नियम होता. परीक्षा झाल्याशिवाय रायफल रेंजवर जात नाही. तुमच्या शिकंज्यात लावू, तुमच्यासमोर. मग कपाटाचं बघू."

"अरे व्वा! जरूर, जरूर! ताईंची परंपरा!" भाऊसाहेब म्हणाले. इतकं सोपं होतं, शके. तू मरायचीच वाट बघत होते ते.

मी संगीताला फोन लावला. नंबर तुझ्याच मोबाइलमध्ये होता. तू कधी लावला नव्हतास. ती शेंद्र्याच्याच एका कंपनीत आहे, पार्ट मापायचं काम करते. पहिली पाळी संपवून कंपनीच्या निळ्या शर्टातच आली. अंगानं भरलीय, चष्मा लागलाय. तुझा फ्लेक्स तिनं येताना बघितला होता. "मॅडमचं बोट चापावर कुणी ठेवलं हो?" हे तिचं पहिलं वाक्य. मी तिला मिठीच मारली.

नवी रेंज म्हणजे काय विचारू नकोस. खाली जाड काँक्रीट, गुळगुळीत फरशी, बटण दाबलं की कागद तारेवरून सरकत जवळ येतो. भेगेचं नाव नाही. मी रायफलीवरची साडी सोडली. तेल मीच देत होते शेवटी शेवटी, तू खाटेवरून शिव्या देत असताना, पण आतलं रबर वाळलं असेल तर? आणि मुळात बंदूकच म्हातारी असेल तर? म्हणजे मग ते खरे आणि तू... मी पुढचा विचार करत नव्हते. संगीतानं शिकंजा आवळला, हातानं हलवून बघितला, वाकून खाली जमिनीला तळहात लावला. अगदी तुझ्यासारखा.

दोन छर्रे वाया घालवले. मग पाच. दर वेळी संगीताच छर्रा भरायची दांडी ओढत होती, डाव्या हातानं. भाऊसाहेब मागं कुणाशी तरी मोबाइलवर प्लॉटचं बोलत होते. मी डोळे मिटले होते ते कागदाची तार वाजली तेव्हा उघडले.

एक भोक.

मी करंगळी ठेवली. नख मोठं आहे माझं, तुझ्याएवढं बारीक नाही, म्हणून संगीताला ठेवायला लावली. तिच्याही नखाखाली गेलं, शके. पूर्ण झाकलं.

सगळ्यांत आधी टाळ्या कुणी वाजवल्या? भाऊसाहेबांनी. "क्या बात है! बघा, ह्याला म्हणतात रायफल! आजकालच्या लाखालाखाच्या बंदुका झक मारतील!" मी वळले आणि त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. म्हटलं आता दिसेल. लाज नाही तर नाही, निदान चोरी पकडल्यासारखं काहीतरी. काही नाही गं. तुकतुकीत दाढी आणि कौतुक. मी म्हटलं, "भाऊसाहेब, तुम्ही बाद केलेली हीच ती. बोअरची गाडी चालू असताना. आठवतंय?"

"मी? छे छे. ताईंची रायफल कोण बाद करेल? असं कसं होईल?" आणि खरंच आठवत नव्हतं त्यांना! खोटं बोलणारा माणूस मला कळतो, मास्तरकी केलीय मी. परीक्षा राहिली ना, परीक्षा राहिली ना, असं इतकी वर्षं म्हणत आले, पण कशाची आणि का, ते केव्हाच विसरून गेले होते. त्यांच्यासाठी तो एक विनोद होता, म्हाताऱ्या बाईला बघितलं की करायचा. तू जन्मभर ज्याच्या तोंडून एक "चुकलं" ऐकायला थांबलीस, त्याच्या डोक्यात तुझ्यासाठी टाचणीएवढी जागा नव्हती. वर म्हणाले, "या ना विजयाताई, एक फोटो होऊन जाऊ दे." मी शिकंजा सोडवला, रायफल साडीत गुंडाळली आणि चालू पडले. मागून कुणी तरी कपाटाचं काय म्हणून ओरडत होतं.

बाहेर पायऱ्यांवर संगीता कागद घेऊन बसली. उन्हाकडं धरून भोकातून बघत होती. मी म्हटलं, चल पोरी, रसवंतीत रस पिऊ. ती हलली नाही.

"विजूमॅडम, एक बोलू? राग नका मानू."

"बोल की."

"मला इतके वर्षं वाटायचं, शकूमॅडमनं मायेपोटी वाढवून लिहिले असतील. कागदावरच्या गोलाच्या रेघेला शिवलेला छर्रा त्या वरच्या गुणात धरायच्या ना..."

"अगं, ते नियमातच आहे."

"ते आता माहीत हाय. तवा तो माणूस सगळ्यांपुढं म्हणला आन मला खरंच वाटलं. बंदूक वाकडी मारती तर मी सरळ कशी मारीन? म्हणून मी आले नाय परत. मॅडम घरी आल्या तवा माळ्यावर लपून बसले. कोणत्या तोंडानं भेटू?" तिनं चष्मा काढून शर्टाला पुसला. "म्हणजे ते गुण माझेच होते, व्हय ना?"

शके, मी तिला काय सांगितलं असेल ते तुला कळेल. पण तुझ्याशी मात्र मी ह्याच्यावरून कायमची भांडणार आहे. तू म्हणायचीस पोर रागावली. पोर रागावली नव्हती, तिनं त्या भडव्याचं खरं मानलं होतं. रायफलीचा बोल पोरीला लागू नये म्हणून शिकंजा बसवणारी बाई तू, आणि तिला लागलेला बोल तुला दिसला नाही? ज्याच्या डोळ्यापुढं परीक्षा व्हावी म्हणून थांबलीस तो माणूसच चुकीचा होता गं. पुण्याला गेलो असतो, तो कागद आणून शेंद्र्याला हिच्या हातात दिला असता, तर हिनं कुणाला पेन्सिलीचं विचारलं नसतं. एवढ्या एका गोष्टीसाठी तुझा राग येतो, आणि राग यायला तू समोर नाहीस ह्याचा अजून येतो.

रायफल मी संगीताला दिली. ती बसस्टॉपवरच रायफलीवरची साडी बाजूला करून गाल टेकवून बघत होती, लोक बघतायत ह्याची पर्वा न करता. बाभळीची फळी अजून बसते तिच्या गालाला. चापाला बोट लावलं नाही तिनं.